डाव्या हाताची फळी

"अरे ग्लेन, हा हार्लन कोण?"

मार्नीनं जिन्याच्या वरच्या पायरीवरून विचारलं आणि तळघरात ग्लेनच्या हातातली पेन्सिल जागच्या जागी थांबली. तो एका नव्या, कोऱ्या फळीवर वाकला होता. फळीवर त्याचा स्वतःचा डावा हात पालथा पडला होता आणि उजव्या हातानं तो त्या हाताभोवती रेघ ओढत होता. करंगळीपासून सुरुवात करून तो अंगठ्यापर्यंत आला होता. "कोण हार्लन?" असं तो उगाचच म्हणाला. कोण ते त्याला पुरतं ठाऊक होतं. "डुब्यूकचा. म्हातारा आहे वाटतं कुणी. आत्ता फोन येऊन गेला. शनिवारी बारा वाजता येतोय म्हणे, तीन तास गाडी चालवून. खेळाच्या दांडीसाठी काहीतरी मूठ बनवलीय म्हणाला, ती घेऊन. आणि तुझ्या भावाला, कर्टला भेटायचंय त्याला." तिच्या हातात भांडं पुसायचं फडकं होतं आणि ते ती उगाच पुन्हा पुन्हा पिळत होती. "कर्टला कशाला भेटायचंय, ग्लेन? कर्ट इथे असतो असं तू त्याला सांगितलंयस का?" ग्लेननं फळीवरून हात उचलला. बोटांच्या जागा तेवढ्या लाकडावर राहिल्या. शनिवारी म्हणजे परवाच. आणि, लाज वाटायला हवी अशी गोष्ट म्हणजे, त्याला पहिला विचार आला तो हा की मूठ कोणत्या लाकडाची असेल.

चूक कुठून सुरू झाली हे त्याला नेमकं सांगता आलं असतं. लुट्के घराण्यातली माणसं खोटं बोलत नाहीत असं त्याची आई चारचौघांत सांगायची, आणि ते बऱ्याच अंशी खरंही होतं, कारण ती मुळात बोलायचीच कमी. ग्लेन नळ आणि तोट्या बनवणाऱ्या कारखान्यात आराखडे काढायचा. बावीस वर्षं तोट्यांचे आराखडे काढणाऱ्या माणसाला एकदा तरी स्वतःच्या हातानं काहीतरी अख्खं बनवावंसं वाटतं, त्यात वावगं काही नाही. लहानपणी बोलिंगच्या हॉलमागच्या अंधाऱ्या खोलीत पाव डॉलरचं नाणं टाकून व्हिडिओ गेम खेळायची जी उभी यंत्रं असत, तसलं एक घरी तळघरात बनवायचं त्याच्या मनात आलं. अशी यंत्रं घरी बनवणाऱ्या लोकांचं इंटरनेटवर एक पान होतं. देशभरातले आपल्यासारखेच पोट सुटलेले, चाळिशी लागलेले लोक तिथे एकमेकांना प्लायवुड कोणतं घ्यायचं ते सांगत. आणि यंत्रात सगळ्यात अवघड काय, तर समोरची फळी. दांडी, म्हणजे जॉयस्टिक, कुठे, बटणं कुठे, पहिल्या बटणापासून दांडी किती अंतरावर, मनगट टेकायला कडा किती रुंद ठेवायची. आधी पुठ्ठ्यावर हात ठेवायचा, बोटं सैल सोडायची, डोळे मिटायचे, आणि बोटांची टोकं जिथे आपसूक पडतील तिथे खुणा करायच्या. हात खोटं बोलत नाही, असं ते लोक म्हणत. ग्लेननं पहिला आराखडा टाकला त्यात दोन दांड्या, सोळा बटणं, एक फिरता गोळा आणि एक स्टिअरिंग होतं. खाली एकानं लिहिलं, 'विमान उडवायचंय का दादा?' बस्स, तेवढंच. दुसऱ्या आराखड्याला कुणी हिंग लावूनही विचारलं नाही. तिसरा टाकताना, जेवणाच्या सुटीत, ऑफिसातल्या खुर्चीवर, डब्यातलं सँडविच तसंच ठेवून, त्यानं खाली एक ओळ जोडली. 'ही फळी माझ्या भावासाठी आहे. कागदाच्या गिरणीत त्याचा एक हात गेला. एका हातानं खेळता येईल अशी करायची आहे.'

संध्याकाळपर्यंत चाळीस उत्तरं आली. आठवड्यात दीडशेच्या वर गेली. ओरेगनच्या एकानं फुकट बटणं पाठवली. टेक्सासच्या एकीनं लिहिलं की मी हे वाचून रडले. डुब्यूकच्या हार्लननं, दांडीसाठी मूठ करून देतो म्हणून, पत्ता आणि फोन नंबर मागून घेतला. लोकांनी आराखडे काढून दिले, दांडीभोवती बटणांची चंद्रकोर करा म्हणाले, अंगठ्याला एक मोठं बटण हाताशीच द्या म्हणाले. आणि ते विचारायचे, कर्टला काय वाटलं? आता काय सांगायचं? तर ग्लेननं सांगितलं. 'कर्ट म्हणाला, लाल बटण छान आहे.' 'कर्ट म्हणाला, कडा जरा गोल कर.' एकदा, मार्नी बाजारात गेलेली असताना, त्यानं लिहिलं, 'कर्ट म्हणाला, खेळताना दुखणं विसरतो.' लिहून झाल्यावर त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. हा त्याच्या पानावरचा कर्ट किती गुणी होता! थोडा अबोल, पण विनोदी. वेळेवर येणारा, दिलेलं आवडून घेणारा. खऱ्या कर्टशी त्याचं शेवटचं बोलणं झालं त्याला दीड वर्ष झालं होतं, आणि ते आईच्या घराच्या गटाराच्या झाकणाबद्दल होतं.

जेवताना मार्नी त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी तिनं काटा खाली ठेवला. "म्हणजे गेले चार महिने तू खाली जे ठोकत बसलायस ते कर्टसाठी?" ग्लेनला 'नाही' म्हणता आलं असतं. त्यानं तोंडात घास असल्याचं निमित्त करून नुसती मान हलवली, आणि ती मान नेमकी कोणत्या दिशेनं हलली हे त्याचं त्यालाही कळलं नाही. मार्नीला मात्र कळलं. ती उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि तिनं त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. "आणि मी वेडी! मला वाटायचं, हा माणूस माझं तोंड बघायला नको म्हणून तळघरात जाऊन बसतो. अरे, बोलायचंस ना मला एका शब्दानं! किती वर्षं मी म्हणतेय, जा, कर्टला भेटून ये." तिच्या झग्याला कांदा आणि साबण यांचा वास येत होता. ग्लेनला वाटलं, आत्ता, ह्याच क्षणी धरणी दुभंगली तर बरं. पण वेस्ट ॲलिस गावातली धरणी मार्चमध्ये दगडासारखी गोठलेली असते, ती कुणासाठी दुभंगत नाही. "शनिवारी सगळ्यांना जेवायलाच बोलवू," मार्नी म्हणाली. "मी हॅम आणते. कर्टला सांगितलंयस ना?" "सांगतो," तो म्हणाला. "म्हणजे उद्या जाऊन सांगतो."

सहा वर्षं. कर्टच्या अपघाताला सहा वर्षं झाली होती. रुग्णालयात ग्लेन गेला होता, गेला नव्हता असं कुणी म्हणू शकत नाही. तिथे तो वीस मिनिटं बसला. कर्ट पलंगावर होता, अंगावर पांढरी चादर, आणि चादरीखाली एका बाजूला पट्ट्यांचा मोठा गोळा होता. ग्लेननं त्या बाजूला न बघण्याचा निश्चय केला आणि तो निश्चय इतका चोख पाळला की खिडकीबाहेरच्या मोटारी उभ्या करायच्या जागेत निळ्या गाड्या किती होत्या हे तो आजही सांगू शकेल. नऊ. कर्ट त्या वेळी म्हणाला होता, "तू निघ, रस्त्यात बर्फ होईल." आणि ग्लेन निघालासुद्धा. इतक्या लगेच निघाला की कोट जिन्यात चढवला. मग आईच्या दफनाच्या दिवशी कर्ट समोरच्या बाजूला उभा होता, दोन्ही हात कोटाच्या खिशात. थंडीच तशी होती, सगळ्यांचेच हात खिशात होते. न बघायला तेवढं कारण पुरलं. त्यानंतर नाताळची कार्डं, फोन, गटाराचं झाकण. माणूस सहा वर्षं आपल्या सख्ख्या भावाच्या मनगटाकडे बघायचं टाळू शकतो, ह्यात काहीही अवघड नसतं. रोज थोडं थोडं टाळायचं, की झालं.

पण हात त्याला आठवत होता. म्हणून तर फळी बनवता आली! बोलिंगच्या हॉलमागच्या त्या खोलीत दोघं भाऊ एकाच यंत्रापुढे उभे राहत. ग्लेन पंधराचा, डाव्या बाजूला, कारण डावी बाजू मोठ्याची. कर्ट बारा वर्षांचा, त्याच्या उजवीकडे. दांडी डाव्या हातात, बटणं उजव्या हाताला, यंत्रांची रीतच तशी. म्हणजे ग्लेनचा उजवा हात बटणांवर आणि त्याला लागूनच कर्टचा डावा हात दांडीवर. फळी अरुंद होती. दोन्ही हात एकमेकांवर आपटायचे, आणि ग्लेन 'हात आवर की गाढवा' म्हणून कोपरानं ढोसायचा. तो हात त्याला स्वतःच्या हाताइतका पाठ होता. अंगठ्याच्या बुडाशी गळ लागून झालेला आडवा व्रण, नखं कुरतडलेली, लोणी लावलेल्या मक्याच्या लाह्यांनी बोटं चिकट झालेली. फळी आखताना त्यानं डोळे मिटले की तोच हात दांडीवर यायचा, आणि मग ग्लेन आपला डावा हात पुठ्ठ्यावर ठेवून, तो जरा बारीक आहे असं धरून, खुणा करायचा. अंगठा उजवीकडे, म्हणून मोठं लाल बटण उजवीकडे. करंगळी डावीकडे, तिच्यासाठी छोटं बटण. खुणा अशा नेमक्या जुळल्या होत्या की पानावरच्या लोकांनीसुद्धा म्हटलं, ही फळी मापानं शिवलेल्या सदऱ्यासारखी आहे.

शुक्रवारी त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, फळी जुन्या रजईत गुंडाळून गाडीत मागे ठेवली आणि उत्तरेला निघाला. दोन्ही बाजूंच्या शेतांवर काळपट बर्फ उरला होता. काय बोलायचं हे तो मोठ्यानं म्हणून बघत होता. 'कर्ट, सहज आलो होतो.' छे. दीड तासाच्या वाटेनं कुणी सहज येत नाही. 'कर्ट, तुझ्यासाठी एक वस्तू बनवलीय, आणि उद्या एक गृहस्थ येतायत, त्यांना फक्त एवढंच म्हण की...' फक्त एवढंच! चार महिने आपण ज्याच्या तोंडून बोललो त्याच्याच तोंडावर आता हे सांगायचं, की बाबा रे, मी जे बोललोय तेच तू बोल. फाँ द्यू लाक गावाच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर तो अकारण थांबला, चीजच्या तळलेल्या गोळ्यांची पुडी घेतली आणि गाडीत बसून सगळी संपवली. भूक अजिबात नव्हती. बोटं पुसताना त्याला वाटलं, इथूनच मागे फिरावं आणि हार्लनला कळवावं की कर्ट आजारी आहे. मग पुढच्या महिन्यातही आजारी, मग केव्हातरी मेला. तो खरोखर तिथपर्यंत विचार करत गेला. यंत्र बनवणाऱ्या लोकांनी पानावर वाहिलेली श्रद्धांजलीसुद्धा त्याला दिसली. तेव्हा मात्र स्वतःचीच शिसारी येऊन त्यानं गाडी सुरू केली.

ऑशकोशच्या पुढे, तळ्याच्या अंगाला, कर्ट एकटाच राहायचा. गॅरेजचं दार उघडं होतं. आत कर्ट पाठमोरा, कामाच्या ओट्यावर वाकून मासेमारीचे गळ बांधत होता. दोऱ्याचं एक टोक लोखंडी पकडीत आवळलेलं, दुसरं दातांत. गाडीचा आवाज ऐकून त्यानं मान वळवली, दातातला दोरा हळूच सोडला, आणि म्हणाला, "कोण मेलं?" "कुणी नाही," ग्लेन म्हणाला. "मग ठीक आहे." आणि कर्ट पुढे आला आणि त्यानं हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. उजवा हात. अख्खा, पाची बोटं शाबूत, तेलकट, थोडा जाडजूड झालेला. ग्लेननं तो हातात घेतला आणि त्याच्या कानात एकदम शीळ वाजल्यासारखं झालं. उजवा हात होता! मग त्यानं दुसरीकडे बघितलं, बघावंच लागलं. डावी बाही कोपराच्या थोडी खाली दुमडून मोठ्या पिनेनं अडकवलेली होती. तो व्रण, ती कुरतडलेली नखं, ती चिकट बोटं, ज्यांच्या मापानं त्यानं चार महिने लाकूड कापलं, ती सहा वर्षांपूर्वीच नाहीशी झाली होती. जो हात आठवणीत इतका जिवंत तो गेलेला असेलच कसा, असं त्याच्या डोक्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं, आणि त्यानं एकदाही, एकदासुद्धा, खात्री करून घेतली नव्हती.

"हात सोड की आता," कर्ट म्हणाला. ग्लेननं सोडला. मग हवापाणी झालं, तळ्यावरचा बर्फ किती उरला ते झालं, मार्नी बरी आहे ना ते झालं. कर्टनं कॉफी दिली. झाकण फिरवताना तो डबा पोटाशी धरायचा, ते ग्लेननं पहिल्यांदा बघितलं. निघावं, काही न बोलता निघावं, असा त्यानं बेत केला, पण कर्टची नजर गाडीच्या मागच्या काचेतून आत गेली होती. "रजईत काय आहे? प्रेत असेल तर ओट्यावर नको, मासे साफ करतो मी तिथे." आणि हसत हसत त्यानं फळी स्वतःच काढली, मांडीला टेकवून तोलली आणि ओट्यावर ठेवून रजई बाजूला केली. पॉलिश केलेलं मेपलचं लाकूड, चंद्रकोर, मधोमध दांडी, लाल बटण. कर्ट बराच वेळ बघत राहिला. कारागीर माणूस होता तो, त्याला लाकूड कळत होतं. त्यानं दांडीवर हात ठेवला. लाल बटण त्याच्या करंगळीखाली आलं आणि अंगठा रिकाम्या जागेवर पडला. त्यानं हात उचलला, पुन्हा ठेवला. "हे कुणासाठी आहे?"

आता सांगायचं. आताच सांगायचं. "एक ओळखीचे आहेत," ग्लेन म्हणाला. "त्यांचा उजवा हात गेलाय." आणि म्हणताक्षणी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण कर्टचा चेहरा एकदम बदलला, मवाळ झाला. "अरेरे. केव्हा?" "झाले काही दिवस." "पहिलं वर्ष फार वाईट असतं रे," कर्ट म्हणाला आणि त्यानं स्टूल पुढे ओढलं. "आणि उजवा म्हणजे जास्तच. लिहायचा हात. त्याला सांग, फळी अशी सपाट नको, पुढून उतरती कर. एकच हात सगळं करतो तेव्हा संध्याकाळपर्यंत खांदा भरून येतो. आणि इथे, ह्या रिकाम्या बाजूला, काहीतरी मऊ लाव. तुला वाटेल तिथे काहीच नाही, मग कशाला? पण ते थोटूक ठेवायला जागा लागते. नुसतं लोंबत राहिलं की माणसाला आपण कुठल्यातरी लग्नात बिनआमंत्रणाचे आल्यासारखं वाटत राहतं." तो कागद शोधत होता, त्यानं फळीच्या मापांची टिपणंसुद्धा मनातल्या मनात सुरू केली होती. सहा वर्षांत तो ग्लेनशी इतकं बोलला नव्हता. "तू त्याला माझा नंबर दे. खरंच दे. सुरुवातीला मला कुणी असं भेटलं असतं तर बरं झालं असतं. लोक येतात आणि खिडकीबाहेर बघतात." त्यानं पुठ्ठ्याच्या तुकड्यावर नंबर लिहिला, वर नाव घालायला थांबला, आणि मान वर केली. "त्याचं नाव काय?"

ग्लेननं फळीकडे बघितलं. "कर्ट," तो म्हणाला.

"अं?"

"नाव कर्ट आहे त्याचं. कर्ट लुट्के."

बाहेर कुठेतरी पागोळ्या ठिबकत होत्या. कर्टनं पेन्सिल खाली ठेवली, ती घरंगळली, त्यानं ती थांबवली. "माझा डावा गेलाय, ग्लेन." "माहीत आहे." "आत्ता माहीत झालं तुला." मग सगळं बाहेर आलं, पान, दीडशे उत्तरं, हार्लन, शनिवार, हॅमचं जेवण. बोलताना त्याला स्वतःचा आवाज कारखान्यातल्या सायबापुढे नापास तोटीचा अहवाल देतानासारखा येत होता. आधी कर्ट रागावेल ह्याची भीती होती, आता वाटत होतं की कर्टनं रागवावं, दोन थोबाडीत माराव्यात, निदान 'चालता हो' म्हणावं. कर्टनं फक्त विचारलं, "काय काय बोललो मी तिथे?" "लाल बटण छान आहे म्हणालास." "आणखी?" "कडा गोल कर." "आणखी?" "खेळताना दुखणं विसरतो, म्हणालास." "दुखतं, हे तुला कुणी सांगितलं?" "कुणीच नाही. अंदाजानं." "बरोबर आहे अंदाज. नसलेली बोटं दुखतात. रोज." त्यानं दोऱ्याचं टोक पुन्हा उचललं, पण दातात धरलं नाही. "फोन केला असतास तर अंदाज करायची वेळ आली नसती."

मग कर्ट म्हणाला, "म्हातारा किती वाजता येतोय?" "बाराला. मी कळवतो त्यांना, येऊ नका म्हणून." "मुळीच कळवायचं नाही. तीन तास गाडी हाकून येतोय तो, माझ्यासाठी म्हणून काहीतरी घडवून. मी येणार. तुझ्यासाठी नाही येत, समजलास? पण सांगायचं तू. मी तुझ्या बाजूनं बोलणार नाही आणि विरुद्धही बोलणार नाही." फळी त्यानं स्वतःच पुन्हा रजईत गुंडाळली. कोपरे नीट दुमडले.

रात्र कशी गेली ते सोडा. शनिवारी पावणेबाराला कर्ट आला, इस्त्रीचा सदरा घालून, आणि मार्नीनं त्याला दारातच मिठी मारली. हार्लन बाराच्या ठोक्याला हजर. बुटका, नीटनेटका म्हातारा, कानात ऐकायचं यंत्र, काखेत बुटांचं खोकं. मार्नीनं सगळ्यांना आधी जेवायलाच बसवलं, आणि हार्लननं बसायच्या आधी दोन्ही हातांनी खोकं उघडून फलालीच्या कापडातून मूठ बाहेर काढली. अक्रोडाच्या लाकडाची होती. तळव्यात बसेल असा तिला फुगवटा होता आणि अंगठ्यासाठी उजव्या बाजूला एक खोलगट पन्हळ होती, इतकी गुळगुळीत, की बघणाऱ्याला तिथे अंगठा ठेवावासा वाटावा. "तीन फुकट घालवल्या, ही चौथी," तो म्हणाला. "कर्ट, तुम्हालाच भेटायचं होतं," आणि त्यानं हस्तांदोलनासाठी, कर्टचा उजवा हात नसणार म्हणून, आठवणीनं, मायेनं, स्वतःचा डावा हात पुढे केला. कर्टनं उजव्या हातानं तो डावा हात कसाबसा धरला. हार्लननं आपल्या हाताकडे बघितलं, मग पिनेनं अडकवलेल्या बाहीकडे, मग मुठीकडे. "अहो," तो म्हणाला, "पण फळी तर..." आणि तो ग्लेनकडे वळला. कर्ट मात्र वळला नाही की हलला नाही. तो समोरच्या पांढऱ्या बशीत बघत होता.

मापात चूक झाली, म्हणता आलं असतं. आराखडा आरशातल्यासारखा उलटा निघाला, म्हणता आलं असतं, आणि आराखडे काढणाऱ्या माणसावर लोकांनी विश्वासही ठेवला असता. ते वाक्य ग्लेनच्या जिभेवर तयार होतं, अगदी स्वच्छ, आखून दिल्यासारखं. "हार्लन," तो म्हणाला, "हा माझा भाऊ कर्ट. मी लिहिलं त्यातलं हा एक अक्षरही बोललेला नाही. त्याला कालपर्यंत ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. कोणता हात गेला हे मला माहीत नव्हतं, कारण मी कधी बघितलंच नाही." मार्नी हॅमचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती तशीच उभी राहिली. ग्लेनचे कान तापले, मान तापली, सदऱ्याच्या आत घामाची धार लागली. चार महिने लोकांनी वाहवा केली तेव्हा जितकी ऊब वाटायची त्याच्या दसपटीनं आता अंग पेटलं होतं, आणि ते विझायला कुणी मदत करणार नव्हतं.

"ते दुखण्याचं पण?" हार्लननं विचारलं. "ते पण." "ते मी माझ्या बायकोला वाचून दाखवलं होतं," म्हातारा म्हणाला. तो रागावला नव्हता. तो नुसता थकल्यासारखा खुर्चीवर बसला, मूठ फलालीत परत ठेवली, आणि खोक्याचं झाकण लावायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून, किंवा खरंच कळून घ्यायचं म्हणून, तो कर्टला म्हणाला, "मग तुम्हाला, राग मानू नका हं, पण तुम्हाला हे खेळ आवडतात तरी का हो?"

कर्टनं विचार केला. "नाही," तो म्हणाला. "कधीच नाही आवडले. तो आवाज डोक्यात जायचा माझ्या. हा जायचा, म्हणून मी जायचो." हे त्यानं टोचून म्हटलं असतं तर सोसवलं असतं. पण तो पाव मोडत होता, ताटाच्या कडेला दाबून, एका हातानं, आणि पाव मोडण्यातच त्याचं लक्ष होतं. मार्नीनं हॅमचं ताट टेबलावर ठेवलं. ती ग्लेनच्या शेजारची खुर्ची सोडून पलीकडच्या खुर्चीवर बसली. कुणी प्रार्थना म्हटली नाही.

"ती बटाट्याची कोशिंबीर दे इकडे," कर्ट म्हणाला.

ग्लेननं भांडं उचललं. ते कर्टच्या कोणत्या बाजूनं धरायचं, हे त्याला आधी भावाकडे नीट बघून ठरवावं लागलं.